कुंकवात उमटलेली वेल

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठापासून थोडे आत, आमचे गाव आहे. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५१ मध्ये कायद्याने संपली, तरी दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पाने घेऊन आधी मारुतीच्या देवळात आणि मग मालगुजारांच्या वाड्यावर जाण्याची रीत माझ्या लहानपणी टिकून होती. १९६८ च्या दसऱ्याला मी दहा वर्षांचा होतो. वाड्याच्या ओसरीवर, पाटावर पांढरे धोतर अंथरून घरातील शस्त्रे मांडली होती: एक तलवार, दोन कट्यारी, एक तोंडातून दारू ठासायची भरमार बंदूक आणि कडेला, वितीहून थोडे मोठे, काळसर निळे असे एक रिव्हॉल्वर. पूजा होऊन गेली होती. म्हाताऱ्या मालकांनी रिव्हॉल्वर उचलून उपरण्याने त्यावरचे हळदकुंकू पुसले, तेव्हा वरवरचे कुंकू निघून गेले आणि पोलादात कोरलेल्या रेघांत बसलेले तेवढे राहिले. मुठीच्या वरून निघून नळीच्या बुंध्यापर्यंत गेलेली एक लाल वेल त्या काळ्या धातूवर अचानक दिसू लागली. तिला पाने होती, पानांतून पुन्हा लहान वेढे फुटले होते, आणि तिचा शेवट कुठे होतो हे शोधत मी तिथेच उभा राहिलो.

माझे वडील कासार होते. त्यांनी हात न लावता खाली वाकून बराच वेळ ती वेल पाहिली आणि म्हणाले, "मालक, हे कोरनाऱ्याचा हात लय सरावाचा आहे जी. गोल फिरताना छिन्नी कुठीच उचलली नाही." मालकांनी रिव्हॉल्वर रिकामे असल्याची खात्री करून ते त्यांच्यापुढे धरले. "घे, हातात घेऊन पाह्य." वडिलांनी ते दिव्याच्या उजेडात तिरपे धरून इतक्या सावकाश फिरवले की बाकीची मंडळी सोने देऊन निघून गेली, तरी आम्ही दोघे ओसरीवरच होतो.

त्यांना ती वेल का कळली, हे सांगायचे तर त्यांच्या कामाविषयी थोडे सांगितले पाहिजे. भंडारा हे पितळी भांड्यांसाठी नाव असलेले शहर. आमच्या घरी भांडी घडत नसत. वडील भंडाऱ्याहून पाण्याचे गुंड, गंज, परात, कोपर असा माल आणून आठवडी बाजारात विकत आणि विकलेल्या भांड्यावर नाव टाकून देत. लग्नसराईत 'चि. सौ. कां.' पासून 'सप्रेम भेट' पर्यंतची ओळ आणि तिच्याखाली तिथी, असे एकेका दिवशी चाळीस-पन्नास भांड्यांवर कोरावे लागे. डाव्या हाताच्या बोटांत छिन्नी, उजव्या हातात लहान हातोडी, आणि भांडे मांडीत धरलेले. सरळ रेघ कोणालाही जमते. खरी कसोटी 'छ', 'ळ' आणि 'क्ष' या अक्षरांची असते, कारण गोलाई कोरताना छिन्नी वळवायची नसून छिन्नीखाली भांडे फिरवायचे असते. ज्याला हे उमगत नाही, त्याच्या 'ळ' ला कोपरे पडतात. पुष्कळ वर्षांनी मला कळले की बर्मिंगहॅमचे आणि न्यूयॉर्कचे खोदकाम करणारे कारागीरही हेच करीत; पोलादाचा तुकडा शेगड्यात, म्हणजे आवळायच्या लोखंडी पकडीत, धरून एक तर तो फिरवीत, नाही तर स्वतः त्याच्याभोवती फिरत. वडिलांनी त्या रिव्हॉल्वरमध्ये पाहिले ते हेच फिरणे होते.

पुढे मी शिक्षक झालो, आणि वडील गेल्यानंतर, १९९१ मध्ये, मालकांच्या नातवाने मला वाड्यावर बोलावले. नळीवर बारीक इंग्रजी अक्षरे होती आणि ती कोणाला वाचता येत नव्हती. मी भिंग घेऊन गेलो. रिव्हॉल्वर बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याचे, ०.४५० इंची होते, आयर्लंडच्या पोलीस दलाने १८६८ मध्ये जो नमुना स्वीकारला त्या जातीचे, अखंड चौकटीचे, म्हणजे मधून न दुमडणारे. सिलिंडरवर आणि नळीखाली बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाच्या खुणा होत्या: वर मुकुट, खाली फुलीसारखे दोन राजदंड, आणि राजदंडांच्या मधल्या जागेत अक्षरे. हे परीक्षागृह १८१३ पासून चालू आहे. तिथे जादा दारू भरून नळी तपासल्याशिवाय ते हत्यार विकता येत नसे. वरच्या पट्टीवर मात्र वेब्लीऐवजी विक्रेत्याचे नाव होते, 'आर. बी. रॉडा आणि कंपनी, कलकत्ता'. याच दुकानाच्या मालातून २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि सुमारे ४६,००० काडतुसे पळवली होती. कलकत्त्याचा माल वैनगंगेकाठी कसा आला, याचे उत्तर रेल्वेत आहे. बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग १८९१ मध्ये आसनसोलपर्यंत, म्हणजे कलकत्त्याला जाणाऱ्या मार्गापर्यंत, जोडला गेला आणि वरठीचे भंडारा रोड स्थानक त्याच मार्गावर आहे. त्यानंतर धानाच्या या पट्ट्यातील मालगुजारांना नागपूरच्या पेठेइतकीच कलकत्त्याची पेठही जवळची झाली असावी.

त्या दिवशी मला त्या वेलीची नक्कल हवीशी वाटली. कॅमेरा माझ्याकडे नव्हता. काजळ आणि एरंडेल एकत्र करून ते बोटाने रेघांत भरले, वरचे काजळ मलमलीने पुसून काढले, मग पतंगाचा कागद किंचित ओला करून त्यावर ठेवला आणि अंगठ्याने दाबत गेलो. कागद उचलला तेव्हा लहानपणी लाल पाहिलेली वेल आता काळी होऊन, पण उलटी, माझ्या हातात आली. ठसा आरशातल्यासारखा उलटा येतो, म्हणून कागद पातळ घ्यायचा. मागून उजेडाला धरला की वेल सुलटी दिसते. तो माझ्या वहीतील रिव्हॉल्वरचा पहिला ठसा. त्याआधीच्या पानावर आमच्या आईच्या गुंडावरचा ठसा चिकटवलेला आहे, वडिलांच्या हातचे 'सौ.' आणि त्यापुढे तिचे नाव.

मला तेव्हा वाटले होते की ही युक्ती आपल्याला सुचली. पुढे वाचनात आले की लुई निम्श्के नावाचा जर्मनीत जन्मलेला (१८३२) आणि न्यूयॉर्कमध्ये १९०४ मध्ये वारलेला कारागीर आपल्या कामाचे असेच ठसे काजळीने आणि शाईने कागदावर घेऊन वहीत चिकटवीत असे. अमेरिकेत त्या काळी ज्यांनी शस्त्रांवर खोदकाम केले, त्यांतील बहुतेकांनी आपले नाव कुठेही घातले नाही, कारण ते कारखान्याचे किंवा दुकानाचे नोकर वा बाहेरून काम घेणारे असत. निम्श्के ओळखता येतो तो त्या वहीमुळे. आज एखाद्या जुन्या रिव्हॉल्वरवरचे काम त्याचे की दुसऱ्याचे, हे ठरवताना संग्राहक वहीतला पानाचा वळसा आणि पोलादावरचा वळसा शेजारी ठेवून पाहतात. हे वाचून मी माझ्या वहीला दोन पुठ्ठे लावून घेतले आणि तेव्हापासून प्रत्येक ठशाखाली तारीख, हत्याराचा क्रमांक आणि ठसा उजव्या बाजूचा की डाव्या हे लिहू लागलो.

रिव्हॉल्वर गोळा करणे हा शब्दप्रयोग आपल्याकडे जरा जपून वापरावा लागतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय रिव्हॉल्वर बाळगणे हा गुन्हा आहे, आणि शंभर वर्षे जुने म्हणजे परवाना नको ही समजूत चुकीची आहे. कायद्याची सवलत आहे ती जुन्या बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या अशा हत्याराला, जे दुरुस्त करूनही डागता येणार नाही. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू असेल तर १९७२ चा पुरावशेषांचा कायदा तिला देशाबाहेर जाऊ देत नाही. मुठीचे पत्रे हस्तिदंती असतील तर वन्यजीव संरक्षणाचा कायदाही आड येतो. मला या तिन्ही कायद्यांविषयी तक्रार नाही. ते असावेत असेच मी मानतो. शिक्षकाच्या पगारात परवान्याचे रिव्हॉल्वर घेणे मला कधी शक्यही नव्हते. म्हणून मी ठसे गोळा केले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि नागपूर जिल्ह्यांतील जुन्या घरांत, परवानाधारक समोर बसलेला असताना, काडतुसे नाहीत याची खात्री त्याच्याच हाताने करून घेतल्यानंतर, तीस वर्षांत ९२ ठसे जमले. त्यांतील ३१ रिव्हॉल्वरवरचे आहेत, बाकीचे दुनळी आणि भरमार बंदुकींवरचे.

या ३१ ठशांत बहुतेक वेली इंग्रजी वळणाच्या आहेत: वेढे लहान, एकमेकांना बिलगून बसलेले, पाने जवळजवळ नाहीतच. बर्मिंगहॅममध्ये एकच रिव्हॉल्वर अनेक घरांतून फिरून तयार होत असे. नळी एकाकडे, चाप-घोडा दुसऱ्याकडे, आणि वेल कोरायला तिसऱ्याकडे. अमेरिकन वळण याहून मोकळे. तिथे वेढे मोठे, पाने रुंद, आणि वेलीमागची जागा बारीक ठिपक्यांनी भरून काढलेली, म्हणजे उजेड पडला की वेल उठून दिसते. अमेरिकन कोल्ट आमच्या भागातील एकाही घरात मला मिळाले नाही. ते मी पाहिले न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने सर्वांसाठी खुल्या केलेल्या छायाचित्रांत. सॅम्युअल कोल्टने १८५३-५४ च्या सुमारास तुर्कस्तानचा सुलतान अब्दुल मजीद याला भेट दिलेले एक सोनेजडित रिव्हॉल्वर तिथे आहे, आणि ते प्रशियात जन्मलेल्या गुस्ताव्ह यंगच्या हातचे मानले जाते. त्याच्यावर सोन्यात वॉशिंग्टन यांचे मुखचित्र आहे. पण मी छायाचित्र कितीही मोठे केले तरी नजर मुखचित्रावर थांबत नाही, ती शेजारच्या पानांच्या टोकांकडे जाते. प्रत्येक पान टोकाशी बारीक होत होत जिथे संपते, तिथे छिन्नी हळूच वर उचललेली आहे. आमच्या वडिलांच्या 'छ' ची शेपटी अशीच संपत असे.

याच कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही नमुन्याविषयी थोडे वेगळे सांगावेसे वाटते, कारण त्यावरचे चित्र हाताने कोरलेले नाही. सिलिंडरभोवती टेक्सास आणि मेक्सिको यांच्या जहाजांच्या लढाईचे चित्र आहे आणि खाली १६ मे १८४३ ही तारीख आहे. हे चित्र वॉटरमन ऑर्म्सबी या नोटांचे खोदकाम करणाऱ्याने एकदाच पोलादी रुळावर कोरले, आणि तो रूळ जोराने दाबून सिलिंडरवर फिरवला की चित्र उमटे. हार्टफर्ड आणि लंडन येथील कारखाने मिळून सुमारे अडीच लाख नेव्ही रिव्हॉल्वर तयार झाली आणि सर्वांवर तीच जहाजे आहेत. ऑर्म्सबीचे नावही त्या चित्रात आहे. एकदा कोरले त्याचे नाव अडीच लाख ठिकाणी आणि प्रत्येक हत्यारावर आठवडा-आठवडा बसून कोरले त्यांचे नाव कुठेच नाही, ही गोष्ट मला फार लागते. आठवडी बाजारात विजेच्या पेनने स्टीलच्या डब्यांवर नावे टाकणारे मुलगे आले, तेव्हा वडिलांची गिऱ्हाइके दोन वर्षांत निम्मी झाली होती, आणि त्या मुलांचा मला राग येत नव्हता, कारण तेही पोटासाठीच बसत होते. फक्त त्या पेनची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची असते.

खोदकाम केव्हा करतात याला महत्त्व आहे. चौकट मऊ असताना वेल कोरतात. त्यानंतर ती हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात दाबून तापवतात आणि लाल असतानाच पाण्यात टाकतात. त्यामुळे आतला धातू मऊ राहून वरची पातळ कातडी कठीण होते आणि तिच्यावर निळे, तपकिरी, राखाडी ढग उमटतात. एकदा ही कातडी बनली की तिच्यात छिन्नी शिरत नाही. म्हणून साध्या जुन्या रिव्हॉल्वरवर नंतर वेल कोरून भाव वाढवणाऱ्याला ते आधी तापवून मऊ करावे लागते, आणि त्यात ते ढग जातात. असले एक प्रकरण मी पाहिले. नागपूरच्या एका स्नेह्याने मला एका शहरातील विक्रेत्याकडच्या रिव्हॉल्वरची छायाचित्रे पाठवली. दोघांकडेही परवाने होते, किंमत मोठी होती आणि वेल देखणी होती. मी रात्रभर ती छायाचित्रे पाहिली. चौकटीवर एक जुना तिरपा ओरखडा होता, आणि वेल त्या ओरखड्याला छेदून जात होती; ओरखडा वेलीच्या रेघेत शिरून संपत होता, पलीकडे पुन्हा सुरू होत होता, पण रेघेच्या कडा त्याच्यामुळे कुठेच दबलेल्या किंवा मोडलेल्या नव्हत्या. म्हणजे ओरखडा आधीचा आणि वेल नंतरची. शिवाय क्रमांकाचे आकडे झिजून गुळगुळीत झाले होते आणि त्यांच्याला लागूनच असलेल्या पानांच्या कडा बोटाला टोचतील इतक्या धारदार होत्या. स्नेह्याने ते घेतले नाही.

हे सारे समजत असूनही माझ्याच गावच्या वेलीला मी वाचवू शकलो नाही. वाड्यातील रिव्हॉल्वर दरवर्षी दसऱ्याला बाहेर येई, आणि दरवर्षी मी सांगत असे की हळदकुंकू कागदाच्या तुकड्यावर वाहा आणि तो तुकडा शेजारी ठेवा, कारण पावसाळा नुकताच सरलेला असतो आणि ओलसर कुंकू गंजाला आमंत्रण देते. पुसून झाल्यावर यंत्राच्या पातळ तेलाचा हात फिरवा. आणि चामड्याच्या म्यानात कधी ठेवू नका, कारण चामडे कमावताना वापरलेले क्षार ओल धरतात. नातू हे सगळे पाळत असे. "गुरुजी सांगतील तसं," असे तो सर्वांदेखत म्हणे. मात्र २००९ मध्ये घरात लग्न निघाले, भिंतींना रंग लागला, आणि तो कामानिमित्त बाहेरगावी असताना घरातील कोणीतरी रिव्हॉल्वरही 'नवे करून आणायला' परवान्याच्या कागदांसह एका दुरुस्तीच्या दुकानात दिले. तिथे ते फिरत्या चाकावर घासले गेले आणि वर नवे काळे पाणी चढवले गेले. परत आले तेव्हा ते आरशासारखे चकाकत होते. घरच्यांना ते आवडले, आणि त्यात त्यांचा दोष नाही. चकाकणारी वस्तू स्वच्छ वाटते, हे आपल्याला भांड्यांनीच शिकवले आहे.

मी भिंग लावले. राजदंडांची फुली उरली होती, मुकुट गेला होता. रॉडाच्या नावातली मधली अक्षरे पुसट झाली होती. वेलीचे उथळ भाग, म्हणजे पानांची टोके, जिथे छिन्नी हलकेच वर उचललेली होती, ती सगळ्यात आधी घासली जातात, आणि तीच गेली होती. खोल वेढे तेवढे टिकले होते, पण एकमेकांपासून सुटलेले, जणू वेलीची पाने कोणी ओरबाडून नेली असावीत. नातू परत आल्यावर दोन दिवस माझ्या घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "काका, माह्याच्यानं पाह्यलं जात नाही." एरवी तो मला गुरुजी म्हणत असे.

त्या वर्षीचा दसरा मला नीट आठवतो. नेहमीप्रमाणे ओसरीवर पाट मांडला होता, झेंडूची फुले होती, आणि नातवाच्या सात वर्षांच्या मुलीने हट्टाने कुंकू थेट रिव्हॉल्वरवरच वाहिले. मी काही बोललो नाही, कारण आता जपायला फारसे काही राहिले नव्हते. पूजा झाल्यावर नातवाने ते पुसले. कुंकू फडक्याबरोबर निघून आले. घोड्याच्या मागे दोन वेढे आणि चापाच्या वर एक, एवढेच लाल राहिले. मुलीने विचारले की या गोल गोल रेघा कशाच्या आहेत. नातवाने माझ्याकडे पाहिले.

मी वही घेऊन गेलो होतो. १९९१ चा पतंगाचा कागद पानाला फक्त वरच्या कडेने चिकटवलेला आहे. मी तो अलगद उचलून तिला मागच्या बाजूने, समईच्या उजेडाला धरून दाखवला, म्हणजे वेल सुलटी दिसली. तिने आधी रिव्हॉल्वरवरचे तीन लाल वेढे पाहिले, मग तेच तीन वेढे कागदावर शोधून काढले, आणि त्यांच्यामधली वेल कागदाला न टेकणाऱ्या बोटाने सावकाश गिरवत नळीच्या बुंध्याशी, शेवटच्या पानाच्या टोकापर्यंत नेली.